याद्या, आकडे आणि बाहेरून आलेली माणसं

१९६०च्या दशकात मुंबईतल्या एका मराठी साप्ताहिकात एक सदर छापून यायचं. त्यात लेख नसायचा, व्यंगचित्रही नसायचं, नुसती नावं असायची. एखादी कंपनी किंवा कचेरी घ्यायची आणि तिथल्या अधिकाऱ्यांची नावं एकाखाली एक छापायची. वर शीर्षक : 'वाचा आणि थंड बसा'. साप्ताहिक 'मार्मिक', संपादक बाळ ठाकरे. नावं टेलिफोन डिरेक्टरीसारख्या, कुणालाही चाळता येईल अशा ठिकाणांहून घेतलेली, आणि त्यांत दाक्षिणात्य नावांची रांगच्या रांग. पुढे शीर्षक बदलून 'वाचा आणि उठा' झालं. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली.

या सदराबद्दल आपल्याकडे दोन ठरलेली मतं आहेत. एक म्हणतं, हा द्वेषाचा प्रचार होता. दुसरं म्हणतं, झोपलेल्या मराठी माणसाला जागं करण्याचं काम होतं. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं एकमेकांवर तेच ते फेकतात, म्हणून त्यात मी पडत नाही. मला त्या सदराबद्दल वेगळ्याच कारणानं कुतूहल आहे. ती यादी खोटी होती, असं कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. त्या नावाची माणसं त्या हुद्द्यांवर होती. आज ज्याला आपण 'फॅक्ट-चेक' म्हणतो, तो त्या सदराला लावला असता तर ते पास झालं असतं.

आणि तरी ते वाचून दादरच्या किंवा लालबागच्या एखाद्या बेकार मॅट्रिक झालेल्या मुलाच्या मनात जे चित्र तयार होत असे, ते खरं होतं का?

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एरर लॉग नावाची चीज असते. सिस्टिममध्ये काही बिघडलं की तिथे एक ओळ पडते. लाखभर रिक्वेस्ट सुरळीत पार पडल्या, तर त्यांची नोंद त्या फाइलमध्ये होत नाही; चाळीस फसल्या, तर चाळीस ओळी. टीममध्ये नव्यानं आलेला पोरगा पहिल्या दिवशी ती फाइल उघडतो आणि घाबरतो. त्याला वाटतं, हे सगळं कोसळतंय. त्याला एवढंच सांगावं लागतं की बाबा रे, या फाइलमधली प्रत्येक ओळ खरी आहे, पण ही फाइल म्हणजे सिस्टिम नव्हे. भागिले किती, ते या फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

'वाचा आणि थंड बसा'मध्ये तो छेद नव्हता. एकूण अधिकारी किती, अर्ज किती जणांनी केले, इंग्रजी टंकलेखन आणि लघुलेखन येणारे किती, मद्रासकडच्या मुलांनी ही कौशल्यं आधीच का आत्मसात केली होती, यातलं काहीच यादीत मावत नाही. १९६१च्या जनगणनेनुसार मुंबईत मराठी मातृभाषेचे लोक सुमारे ४३ टक्के होते आणि चारही दाक्षिणात्य भाषांचे मिळून दहा टक्क्यांच्या आत. शहरातले निम्म्याहून कितीतरी जास्त लोक शहराबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांतला फार मोठा भाग रत्नागिरी, सातारा, पुणे असा महाराष्ट्रातूनच आलेला होता. गिरणगाव उभं राहिलं ते रत्नागिरीहून आलेल्या माणसांवर. म्हणजे यादी वाचून खवळणाराही बहुधा एका पिढीपूर्वी बोटीनं किंवा आगगाडीनं 'आलेला'च होता.

आणखी एक गोष्ट. यादी करायची म्हटली की कॉलम निवडावा लागतो. कारखान्यांचे मालक कोण, घरांचे मालक कोण, पेढ्या कुणाच्या, असा कॉलम घेतला असता तर वेगळीच नावं आली असती : गुजराती, पारशी, मारवाडी. सदराचा रोख मुख्यत्वे कचेरीतल्या मधल्या फळीवर राहिला, कारण नोकरी हवी असलेल्या मुलाची स्पर्धा त्या फळीशी होती. भांडवल त्याच्या आवाक्यातच नव्हतं, त्यामुळे त्याची यादी वाचून त्याला काही विशेष वाटलं नसतं. डेटाबेसवर काम करणाऱ्याला हे रोज दिसतं. तक्ता तोच असतो, कशावरून गट पाडायचे ते तुम्ही ठरवता, आणि एकदा आडनावावरून गट पाडले की उत्तर आडनावांतच येतं.

हे सगळं म्हणताना एक मान्य करायलाच हवं. त्या मुलाचं दुःख कुणी डिरेक्टरीतून उचलून आणलेलं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी जीव दिला, राज्य मिळालं, राजधानी मिळाली, आणि त्याच राजधानीत मुलाखतीला गेलं की समोरचा साहेब आपली भाषा बोलत नाही, हा अनुभव खरा होता. जे लोक 'संकुचितपणा' एवढा एकच शब्द वापरून हा सगळा काळ निकालात काढतात, त्यांच्याबद्दल मला फारशी आस्था वाटत नाही. दुःख आधीपासून होतं. यादीनं त्याला पत्ता दिला. अय्यर, नायर, शेट्टी. ज्यांच्याशी त्या मुलाचं कधी बोलणंही झालं नव्हतं, अशी माणसं त्याच्या बेकारीचं कारण झाली, आणि रस्त्यावर मार खायला सापडली ती बहुतेकदा कंपनीतले साहेब नव्हतीच. ती उडप्याच्या हॉटेलातली पोरं होती.

आता अमेरिकेकडे येतो, कारण माझ्या पिढीच्या मराठी इंजिनियरला हे प्रकरण तिथे आरशात बघितल्यासारखं दिसतं.

एच-वन-बी व्हिसासाठी कोणत्या कंपनीनं किती अर्ज केले, कोणत्या पदासाठी, कोणत्या शहरात, किती पगारावर, ही माहिती तिथलं सरकार स्वतःच प्रसिद्ध करतं. हेतू चांगला आहे : पारदर्शकता. दरवर्षीच्या नव्या व्हिसांची मुख्य मर्यादा ८५,००० आणि मंजूर होणाऱ्या एकूण अर्जांतले सुमारे सत्तर टक्के भारतीयांचे, ही माहितीही जाहीर आणि खरी. गेली काही वर्षं या तक्त्यांचे तुकडे कापून समाजमाध्यमांवर फिरवले जातात : बघा, या गावात ही कंपनी, एवढ्या जागा, एवढी परकी माणसं. वर जो मजकूर असतो त्याचं मराठीत भाषांतर करायला बसलो तर 'वाचा आणि थंड बसा'पेक्षा चांगलं सुचणार नाही. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावण्याचा आदेश निघाला, तेव्हा आमच्या कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर त्या रात्री कुणी झोपलं नाही. कुणी सुट्टीवर भारतात आलेला, कुणाची बायको विमानात. डॅलसला असलेला एक मित्र तेव्हापासून असे कापलेले तक्ते ग्रुपवर टाकत असतो आणि खाली लिहितो, 'यांना गणित येत नाही'. त्याचं बरोबरच आहे. तोच मित्र ठाण्यातल्या फेरीवाल्यांची यादी, नावांसकट, त्याच ग्रुपवर पुढे पाठवतो. तेव्हा मात्र गणिताचा विषय निघत नाही. तो काही दुष्ट माणूस नाही. ज्या तक्त्यात आपण ओळ म्हणून असतो त्याचा छेद आपल्याला लगेच आठवतो, आणि ज्यात दुसरा असतो त्याचा आठवत नाही, इतकंच.

मग उपाय काय? आमच्या जातीच्या माणसाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे बरोबर माहिती द्या. लोकांना छेद सांगा.

हा उपाय लोकांनी करून पाहिलेला आहे, आणि काय झालं ते वाचण्यासारखं आहे. २०१४मध्ये इप्सॉस मोरीनं चौदा देशांत विचारलं की तुमच्या देशात शंभरातले किती जण बाहेरून आलेले आहेत. इटलीतल्या लोकांचा सरासरी अंदाज ३०, खरा आकडा ७. अमेरिकेत अंदाज ३२, खरा १३. ब्रिटनमध्ये २४ आणि १३. हे वाचलं की माझ्यासारख्याला हुरूप येतो. रोग सापडला! आकडा चुकलाय, आकडा दुरुस्त करू.

अल्बेर्तो अलेसिना, अर्मांडो मियानो आणि स्टेफनी स्टांचेवा या तीन अर्थतज्ज्ञांनी सहा देशांतल्या वीस हजारांहून अधिक लोकांवर हे तपासलं. लोक स्थलांतरितांची संख्या फुगवून सांगतात, ते जास्त गरीब, कमी शिकलेले आणि सरकारी मदतीवर जास्त अवलंबून आहेत असं मानतात, हे पुन्हा दिसलं. मग काहींना खरी संख्या दाखवली, खरे मूळ देश दाखवले. गरिबांना मदत करणाऱ्या धोरणांबद्दलचं त्यांचं मत त्यानं सुधारलं नाही. त्याहून अस्वस्थ करणारा भाग असा : काही लोकांना आधी स्थलांतरितांबद्दलचे प्रश्न विचारले आणि मग गरिबांसाठीच्या मदतीबद्दल, काहींना उलट्या क्रमानं. ज्यांना स्थलांतरितांची आठवण आधी करून दिली, त्यांचा मदतीला असलेला पाठिंबा घटला. काही सांगितलं नव्हतं, फक्त विचारलं होतं. हॉपकिन्स, साइड्स आणि सिट्रिन यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत लोकांनी बरोबर आकडा ऐकून घेतला, आपला अंदाज दुरुस्तही केला, आणि मत होतं तिथेच ठेवलं.

निकाल अगदीच निराशाजनक नाहीत. ग्रिगोरिएफ, रॉथ आणि उबफाल यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या संख्येऐवजी पाच आकडे एकत्र दिले : बेकार किती, तुरुंगात किती, भाषा न येणारे किती, असे. त्यानं देशात आधीच असलेल्या स्थलांतरितांबद्दल लोकांचं मन थोडं निवळलं, आणि चार आठवड्यांनंतरही तो फरक टिकून होता. पण धोरण काय असावं, आणखी माणसं येऊ द्यावीत का, याबद्दलचं मत एकंदरीत बदललं नाही. मला हा निकाल फार मानवी वाटतो. आलेल्या माणसाबद्दल थोडं बरं वाटू लागणं आणि दार किती उघडायचं हे ठरवणं, या मनातल्या दोन वेगळ्या खोल्या आहेत. पहिलीत माहिती पोचते. दुसरीत भीती, अभिमान, आपली भाषा टिकेल की नाही ही चिंता, असली जुनी बिऱ्हाडं आहेत, आणि ती टक्केवारी दाखवून उठवता येत नाहीत. ती उठवावीत का, हाही प्रश्नच आहे. मुंबईत २००१ ते २०११ या दहा वर्षांत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले आणि मराठी सांगणारे किंचित घटले, हे जनगणनेतच आहे. हे वाचून एखाद्याला काळजी वाटली तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. त्याचा आकडा बरोबर आहे.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांबद्दल शंका घ्यावीशी वाटते. स्थलांतरितांच्या बाजूनं बोलणारे आम्ही सगळे लगेच आकडे काढतो. टेक्सासमध्ये अटकेच्या वेळी माणसाच्या वास्तव्याच्या कायदेशीर स्थितीची नोंद होते. त्या नोंदींवरच्या अभ्यासात असं दिसलं की कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या अटकेचं प्रमाण तिथेच जन्मलेल्या नागरिकांपेक्षा बरंच कमी आहे. हे खरं आहे, उपयोगी आहे, मीही ते वादात वापरलंय. पण क्षणभर समजा, आकडा उलटा आला असता. समजा, बाहेरून आलेल्यांत गुन्ह्यांचं प्रमाण थोडं जास्त निघालं असतं. मग काय? ज्यानं कधी गुन्हा केला नाही अशा माणसाला, दुसऱ्या कुणीतरी केला म्हणून, खोली नाकारणं योग्य ठरलं असतं?

'ते गुन्हे करत नाहीत, म्हणून त्यांना राहू द्या' या वाक्यातला 'म्हणून' फार महागात पडतो. तो शब्द उच्चारला की आपण कबूल करतो की माणसाचा हक्क त्याच्या गटाच्या सरासरीवर अवलंबून आहे, फक्त सरासरी आपल्या बाजूची आहे. पुढच्या वर्षी ती फिरली तर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही. आणि सरासऱ्या फिरतातच. शिवाय ही परीक्षा फक्त बाहेरून आलेल्यालाच द्यावी लागते. माझ्या गल्लीतल्या मराठी तरुणांच्या गुन्ह्यांची सरासरी काढून मला घर भाड्यानं द्यायचं की नाही, हे आजवर कुणी ठरवलेलं नाही. (पुण्यात आल्यावर 'मराठवाड्याकडचे का? मुलं नीट राहतात ना तुमच्याकडची?' असं एका घरमालकांनी विचारलं होतं. पण तो अपवाद धरू. त्यांनी खोली दिली, आणि चहाही.)

पोलिस खात्यानं, नियोजनकारानं, अर्थतज्ज्ञानं सरासरी बघावी, त्यांचं कामच ते आहे. किती माणसं येतील यावरून पाणी किती लागेल ते ठरतं, शाळा किती लागतील ते ठरतं. दार किती उघडायचं हे ठरवण्याचा अधिकार समाजाला असतो, असंही मला वाटतं. पण समोर उभ्या असलेल्या माणसाशी कसं वागायचं या प्रश्नाला सरासरी हे उत्तरच लागू पडत नाही, मग ती चांगली असो की वाईट.

तर मग माहितीचं काही मोलच नाही? असं मी म्हणू शकत नाही, आणि त्याचं कारण राईनपाडा आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक मंगळवेढा भागातली, भिक्षा मागत फिरणारी. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून मारून जिवंत ठेवलं नाही. पाचही जणांना.

त्यांतली बहुतेक माणसं परप्रांतीय नव्हती. महाराष्ट्रातलीच, मराठी बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखातून फिरणारी. 'उपरा' हा शब्द लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनामुळे १९८०मध्ये मराठी साहित्यात ठसला तो अशाच एका भटक्या समाजाच्या संदर्भात, हे आपण विसरतो. आपल्याकडचा पहिला परका उत्तर प्रदेशातून आलेला नाही. भटक्यांतल्या कितीतरी जमातींची नावं इंग्रजांनी १८७१च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार म्हणून रजिस्टरात घातली होती. तीही एक यादीच. तो कायदा १९५२मध्ये गेला. रजिस्टर बंद झालं, पण भटकं कुटुंब गावाबाहेर उतरलं की गावाच्या मनात जे येतं त्याला कुठला कायदा रद्द करणार?

राईनपाड्यात त्या सकाळी एका खऱ्या वाक्याची गरज होती : हे अमुक गावचे, भिक्षेकरी आहेत, फोन लावून विचारा. इथे माहितीनं पाच जीव वाचले असते. मत, धोरण, भाषेची चिंता, कशाचाच प्रश्न नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांत व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सहा वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१२मध्ये, ईशान्य भारतातली हजारो मुलं अफवांच्या मेसेजमुळे बंगळुरूहून आणि पुण्याहूनही रातोरात गाड्या भरून परत गेली, तेव्हा सरकारनं एसएमएसवर अशीच मर्यादा आणली होती, दिवसाला पाच. दोन्ही वेळा पाचच. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे कळतं : मजकूर खरा की खोटा ते मशीनला ठरवता येत नाही, म्हणून वेग कमी करायचा. थोडा वेळ मिळाला तर कदाचित कुणीतरी फोन लावेल. यातला 'कदाचित' आमच्या कोडमध्ये बसवता येत नाही, तो माणसांवर सोडलेला असतो.

तो फोन कोण लावतं, हे मला अलीकडे जास्त महत्त्वाचं वाटतं. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी अमेरिकेत काही प्रयोग केले. कार्यकर्ते घरोघरी गेले, स्थलांतरितांबद्दल बोलले; पण आकडे सांगून चूक दाखवण्याऐवजी त्यांनी विचारलं, ऐकून घेतलं, समोरच्याला नावं ठेवली नाहीत, आणि एकमेकांचे अनुभव सांगितले. बदल लहान होता, पण काही महिन्यांनीही टिकलेला आढळला. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे चाळीच्या जिन्यात हे आपोआप होत असे. कठीण एवढंच की हे एकेका दारात जाऊन करावं लागतं, आणि यादी एका रात्रीत लाखभर लोकांपर्यंत पोचते. या शर्यतीत कोण जिंकणार याबद्दल मला भ्रम नाही.

सध्या तर आपण आकड्यांशिवायच भांडतोय. २०२१ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ची होणार आहे. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात कुठून किती माणसं आली याबद्दल चॅनेलवर जे ऐकू येतं, त्याच्यामागे असलेली शेवटची पूर्ण मोजणी २०११ची आहे. त्या मोजणीचे स्थलांतराचे तक्ते मी डाउनलोड केले होते. भारतात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित निघाले. दुसऱ्या राज्यातून आलेले त्यात जेमतेम १२ टक्के. दोनतृतीयांशांहून अधिक बायका, आणि कारणांच्या कॉलममध्ये सगळ्यांत मोठा आकडा रोजगाराचा नाही, लग्नाचा आहे.

आई उदगीरकडची. लग्न होऊन लातूरला आली, म्हणजे जनगणनेच्या व्याख्येत ती स्थलांतरित बसते. तिला तसं सांगितलं तर ती हसली. मग म्हणाली की पहिली चार-पाच वर्षं सासरच्या बायका तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या, आणि दूध नासलं तरी 'उदगीरचा हात लागला' म्हणायच्या. दूध नासल्याचं खरं होतं का, असं मी विचारलं. म्हणाली, 'एकदा नासलं होतं की.'